हजारात एकसष्ट

परदेशी माणसाला आपल्या देशात घर घेऊ द्यावं का, या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत बऱ्याच देशांनी दारं लोटून घेतली आहेत. न्यूझीलंडने २०१८ मध्ये बहुतेक परदेशी लोकांना तयार घरं विकत घेण्यास बंदी घातली. कॅनडाची बंदी १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. सिंगापूरमध्ये एप्रिल २०२३ पासून परदेशी खरेदीदाराला घराच्या किमतीच्या ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांनाही जुनी, तयार घरं घेणं जवळजवळ अशक्य केलं. डेन्मार्कमध्ये पाच वर्षं वास्तव्य झालेलं नसेल, तर परवानगीचा अर्ज करावा लागतो. स्वित्झर्लंडचा असाच कायदा १९८३ पासूनचा आहे.

जर्मनीत यातलं काही नाही. घर घेणाऱ्याचा पासपोर्ट निळा आहे की लाल, तो देशात राहतो की बाहेर, याची अट तिथला कायदा घालत नाही. जादा करही नाही. उलट बाजूने, घर घेतलं म्हणून राहण्याचा परवानाही मिळत नाही. घर आणि व्हिसा या दोन गोष्टी तिथे एकमेकींना ओळखतच नाहीत. म्हणूनच मला हा देश या विषयासाठी महत्त्वाचा वाटतो. कायद्याची अडचण बाजूला काढली की परदेशात घर घेण्यातल्या खऱ्या अडचणी उघड्या पडतात.

हा लेख प्रामुख्याने स्टुटगार्ट आणि आसपासच्या गावांबद्दल आहे, कारण तिथे मराठी माणसं आहेत आणि ती आता घरं घेऊ लागली आहेत. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं. स्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी महाराष्ट्राची २०१५ पासून भागीदारी आहे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करारही झाला. पण ही वाट करारांच्या कितीतरी आधी मळलेली होती. नाशिककर बॉशच्या कारखान्याला अजून मायको म्हणतात, शहरातलं मायको सर्कल त्याच नावाचं. बॉशचं मुख्यालय स्टुटगार्टच्या वेशीवर. चाकणला ज्या मर्सिडीज जोडल्या जातात, त्यांचं माहेर स्टुटगार्टच. इथला इंजिनिअर तिथे दोन वर्षांसाठी जातो, मुलं शाळेत जायला लागतात, आणि मग एखाद्या रविवारी घरून फोनवर विचारलं जातं, "अजून किती दिवस भाडं भरणार?"

या प्रश्नामागे आपला एक जुना अनुभव आहे. आपल्याकडे भाडेकरू म्हणजे अकरा महिन्यांचा पाहुणा. लिव्ह अँड लायसन्सचा करार संपत आला की नवं भाडं, नवा दलाल, नाहीतर टेम्पो बोलावून सामान हलवायचं. मुलाची शाळा, गॅसचा पत्ता, सगळं पुन्हा. या अनुभवातून आलेला माणूस भाड्याच्या घरात निवांत बसू शकत नाही, आणि ती बेचैनी तो सामानाबरोबर जर्मनीला नेतो.

तिथली परिस्थिती मात्र वेगळी आहे. जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात. युरोपीय संघात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यात कमी तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धात शहरं जमीनदोस्त झाली. त्यानंतर १९५० च्या गृहनिर्माण कायद्याने सरकारी मदतीवर भाड्याची घरं मोठ्या संख्येने उभी राहिली, आणि पुढे भाडेकरूला कायद्याने भक्कम आधार दिला. नेहमीच्या भाडेकराराला मुदत नसते. घरमालकाला घर खाली करून हवं असेल तर कायद्याला मान्य असं कारण द्यावं लागतं, बहुधा स्वतःसाठी किंवा जवळच्या नातेवाइकासाठी गरज असल्याचं. शिवाय तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. भाडेकरू पाच वर्षांहून जास्त राहिला असेल तर सहा महिन्यांची, आठ वर्षांहून जास्त राहिला असेल तर नऊ महिन्यांची. भाडेकरूने मात्र कधीही तीन महिन्यांची नोटीस द्यावी आणि निघावं. चालू भाडं तीन वर्षांत २० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, आणि स्टुटगार्टसारख्या घरटंचाईच्या शहरांत १५ टक्क्यांहून जास्त नाही.

हे सविस्तर सांगण्याचं कारण असं, की तिथे केवळ भाड्याच्या धास्तीने घेतलेलं घर बहुधा घाईत घेतलेलं असतं. जी भीती त्या देशात खरी नाही, तिच्यापोटी तीस वर्षांचं कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घर घेण्याची इतर चांगली कारणं आहेत.

त्यातलं एक त्या मातीतच आहे. भाडेकरूंच्या या देशात श्वाबेन प्रांत, म्हणजे स्टुटगार्टचा परिसर, स्वतःच्या घरासाठी काटकसर करणाऱ्यांचा म्हणून ओळखला जातो. हाइलब्रोनजवळ व्युस्टनरोट नावाचं खेडं आहे. गेओर्ग क्रोप यांनी १९२१ मध्ये तिथे घरासाठी एकत्र बचत करणाऱ्यांची संस्था काढली, आणि तिच्यातून जर्मनीतली पहिली बाउस्पारकासे उभी राहिली. पद्धत आपल्या भिशीसारखी आहे: सगळ्यांनी दरमहा ठरावीक रक्कम टाकायची, ठरावीक बचत झाली की पाळी येते, आणि त्याच सामायिक पैशांतून कमी व्याजाचं कर्ज मिळतं. महागाईने आणि युद्धाने पिचलेल्या माणसांना बँक दारात उभी करत नव्हती, तेव्हा त्यांनी एकमेकांच्या बचतीवर विसंबून घरं बांधली. आजही तिथल्या अनेक कुटुंबांत मुलगा कमवायला लागला की त्याच्या नावाने असं खातं उघडतात. जळगावच्या किंवा साताऱ्याच्या माणसाला ही माणसं परकी वाटत नाहीत, असं मी तिथे अनेकांकडून ऐकलं आणि मलाही ते पटतं.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे येऊ. आपल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो तो इसार नसण्याचा. घर आवडलं, भाव ठरला, हात मिळवला, तरी जर्मन कायद्याच्या दृष्टीने काहीच झालेलं नसतं. स्थावर मालमत्तेचा करार नोटारसमोर झाला तरच तो करार; तोवर दोन्ही बाजू मोकळ्या. दलाल मधल्या काळात 'घर तुमच्यासाठी राखून ठेवतो' म्हणून पैसे मागायचे. छापील अटींमधून घेतलेलं असं शुल्क तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०२३ मध्ये अवैध ठरवलं.

नोटरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोर्टाच्या आवारातलं टेबल, शिक्का आणि स्टॅम्पपेपर येतो. जर्मन नोटारचं स्थान फार वरचं. तो कायद्याचा उच्चशिक्षित असतो, त्याचं पद सार्वजनिक असतं, त्याची फी कायद्याने ठरलेली असते आणि तीत घासाघीस होत नाही. तो तुमचा वकील नसतो, विकणाऱ्याचाही नसतो. दोघांना सारखं समजावून सांगणं हे त्याचं काम. मात्र घराची किंमत योग्य आहे का, तळघरात ओल आहे का, हे तो बघत नाही. जुन्या घराच्या करारात 'आहे तसं घेतलं' अशा अर्थाचं कलम जवळजवळ नेहमी असतं. विकणाऱ्याने जाणूनबुजून दोष लपवला तरच पुढे दाद मागता येते. म्हणून इमारतीची पारख करणारा तज्ज्ञ स्वतःच्या खर्चाने बरोबर नेणं हा शहाणपणा.

सहीच्या दिवशी नोटार पूर्ण करार मोठ्याने वाचतो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कारण वाचून दाखवणं ही कायद्याची अट आहे. खरेदीदाराला जर्मन पुरेसं कळत नसेल तर दुभाषा लागतो, आणि ते न कळणं लपवण्यात कोणाचंच हित नाही. स्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगेनमध्ये फ्लॅट घेतलेल्या नाशिकच्या एका इंजिनिअर बाई मला म्हणाल्या, "ऑफिसात मी दिवसभर जर्मन बोलते. पण कराराचा मसुदा हातात आला आणि पहिल्याच पानावर कळलं की ही भाषा वेगळी आहे. मी दुभाषा मागितला. नवऱ्याला वाटलं पैसे वाया जातील. वाचन संपलं तेव्हा तोच म्हणाला, बरं झालं." बिल्डरकडून किंवा कंपनीकडून घर घेणाऱ्या सामान्य ग्राहकाला मसुदा साधारणपणे सहीच्या दोन आठवडे आधी मिळावा असा नियम आहे. खासगी माणसाकडून घेतानाही तेवढा वेळ मागून घ्यावा.

त्या दिवशी पैसे द्यायचे नसतात. हे ऐकून आपल्याकडचे लोक चकित होतात. सही झाल्यावर नोटार जमीननोंदवहीत खरेदीदाराच्या नावाची आगाऊ नोंद करायला पाठवतो. ती झाली की तेच घर विकणाऱ्याने दुसऱ्याला विकण्याचा धोका टळतो. विकणाऱ्याच्या बँकेचं जुनं कर्ज कसं मिटणार हे ठरतं. सगळं जमलं की नोटारचं पत्र येतं: आता पैसे भरा. मग पैसे, मग किल्ल्या, मग कर. कर भरल्याचा दाखला करखात्याकडून आला की वहीत मालक म्हणून नाव लागतं. यात काही महिने जातात. १ एप्रिल २०२३ पासून घराचा व्यवहार रोखीत करताच येत नाही. सोनं आणि क्रिप्टोचलनही चालत नाही. 'चेकने किती आणि रोख किती' हा प्रश्न लहानपणापासून कानावर पडलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं, ते मी समजू शकतो.

ही जमीननोंदवही, ग्रुंडबूख, या सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. ती न्यायालयाच्या ताब्यात असते. तिचे तीन भाग: पहिल्यात मालक कोण, दुसऱ्यात वाटेचा हक्क, कोणाचा हयातभर राहण्याचा हक्क असे बोजे, तिसऱ्यात बँकांची गहाणं. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना ज्याने वाचला आहे त्याला दुसरा भाग लगेच कळतो. फरक त्या नोंदीच्या वजनात आहे. आपल्याकडे १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्त नोंदवला जातो. मालकी सिद्ध होत नाही. म्हणून वकील तीस वर्षांचा सर्च घेतो, फेरफार तपासतो, इंडेक्स टू काढतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो आणि तरी कधीतरी एखादी चुलत आत्या हक्क सांगत उभी राहते. जर्मन दिवाणी संहिता १ जानेवारी १९०० पासून लागू आहे, आणि तिच्यानुसार वहीवर प्रामाणिकपणे विसंबून ज्याने घर घेतलं त्याला कायदा सांभाळतो. वहीत चूक असली तरी. तिथे कोणी सर्च रिपोर्ट मागत नाही.

गंमत म्हणजे आपला सातबारा कोणीही महाभूलेखवर उघडून पाहू शकतो. तिथली वही बघायची तर कायदेशीर कारण दाखवावं लागतं. शेजाऱ्याने घरावर किती कर्ज काढलं आहे हे नुसत्या उत्सुकतेपोटी कळत नाही.

आता पैसे. उदाहरण म्हणून ५ लाख युरोंचा फ्लॅट धरू. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये खरेदी कर ५ टक्के, म्हणजे २५,००० युरो. बव्हेरियात तो साडेतीन टक्के आहे आणि नॉर्थ राइन-वेस्टफालियात साडेसहा, म्हणजे राज्य बदललं की हिशेब बदलतो. नोटार आणि नोंदवहीचा खर्च साधारण २ टक्के, म्हणजे १०,००० च्या आसपास. दलाली बहुधा ३.५७ टक्के, म्हणजे १७,८५०. डिसेंबर २०२० च्या कायद्यापासून विकणाऱ्याने नेमलेल्या दलालाचा निम्म्याहून जास्त बोजा खरेदीदारावर टाकता येत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. म्हणजे घराच्या किमतीवर जवळजवळ ५३,००० युरो असे, जे भिंतीत दिसणार नाहीत आणि उद्या घर विकलं तर परत येणार नाहीत. बँकांना हा वरचा खर्च सहसा तुमच्या खिशातून हवा असतो.

त्याशिवाय १ लाख युरो स्वतःचे घातले आणि ४ लाखांचं कर्ज घेतलं. व्याज ३.७ टक्के धरू, आणि मुद्दलाची परतफेड पहिल्या वर्षी २ टक्के. महिन्याचा हप्ता १,९०० युरो. दहा वर्षं एकही हप्ता न चुकवता भरल्यावर अजून ३ लाख ३ हजारांच्या आसपास बाकी असते, आणि पूर्ण फेडायला अठ्ठावीस वर्षं लागतात. २०२१ मध्ये हेच कर्ज एक टक्क्याच्या आसपास मिळत होतं. तेव्हा याच परतफेडीचा हप्ता १,००० युरो होता. युरोपीय मध्यवर्ती बँकेने जुलै २०२२ पासून दर वाढवायला सुरुवात केली, आणि ज्यांनी 'अजून एक वर्ष थांबू' म्हटलं होतं त्यांचा हप्ता जवळजवळ दुप्पट झाला. घरांच्या किमती नंतर उतरल्या, पण तेवढ्या नाहीत.

व्याजाच्या बाबतीत आपली आणि त्यांची रीत अगदी वेगळी. आपलं गृहकर्ज बहुधा तरत्या दराचं. व्याज वरखाली होतं, पण हातात पैसे आले की कर्ज फेडून मोकळं होता येतं, दंड नाही. तिथे दर दहा-पंधरा वर्षांसाठी बांधलेला असतो. त्या काळात व्याज कितीही चढलं तरी तुमचा हप्ता हलत नाही. पण मधेच कर्ज फेडायचं असेल तर बँक तिच्या बुडालेल्या व्याजाची भरपाई मागते. पूर्ण रक्कम मिळून दहा वर्षं झाली की मात्र सहा महिन्यांची नोटीस देऊन विनादंड बाहेर पडता येतं. बहुतेक बँका वर्षाला थोडी जादा परतफेड, पाच टक्क्यांपर्यंत, करारात मान्य करतात. सही करण्याआधी ते कलम आहे का ते बघावं.

परदेशी रहिवाशाची खरी अडचण इथे लागते. कायदा पासपोर्ट विचारत नाही, पण बँक परवान्याची मुदत विचारते. कर्ज अठ्ठावीस वर्षांचं आणि राहण्याचा परवाना चार वर्षांचा, हे गणित तिला रुचत नाही. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, काही बँका कर्ज देतात, पण स्वतःचा वाटा जास्त मागतात. नोकरीचा प्रोबेशनचा काळ संपलेला असावा लागतो. ब्लू कार्डवाल्याला कायम वास्तव्याचा परवाना, ज्याला सगळे पीआर म्हणतात, २७ महिन्यांनी मिळू शकतो, आणि जर्मन भाषेची बी-१ पातळी गाठली तर २१ महिन्यांनी. घर घ्यायचं मनात असेल तर पहिला पैसा भाषेच्या वर्गावर खर्च करावा, असं मी कोणालाही सांगेन. परवाना लवकर मिळतो, आणि पुढे जे येतं त्यासाठीही भाषाच लागते.

आईवडिलांनी मदत करायची म्हटली, तर भारतात राहणाऱ्या माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक कर आगाऊ कापून घेते, तो विवरणपत्रात वळता करता येतो. स्वतःच्या भारतातल्या एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात. जर्मनीत आईकडून आणि वडिलांकडून मिळालेल्या भेटीवर, प्रत्येकाकडून दहा वर्षांत ४ लाख युरोपर्यंत, कर नाही. तरी निवृत्त वडिलांची ठेव मोडून दलाली भरणं मला योग्य वाटत नाही. ती ठेव त्यांच्या आजारपणासाठी आहे, आणि तुम्ही तेव्हा कित्येक तासांच्या विमानप्रवासावर असणार आहात.

फ्लॅट घेतला म्हणजे नेमकं काय घेतलं? मुंबई-पुण्यात याचं उत्तर गुंतागुंतीचं आहे. फ्लॅट आपला, इमारत सोसायटीची आणि जमीन कित्येकदा वर्षानुवर्षं बिल्डरच्याच नावावर. मग मानीव अभिहस्तांतरणासाठी खेटे. जर्मनीत १९५१ च्या कायद्याने सदनिकेच्या मालकाला दोन गोष्टी एकत्र मिळतात: आतल्या खोल्यांची स्वतंत्र मालकी आणि जमिनीसकट सगळ्या सामायिक भागात ठरावीक हिस्सा. हा हिस्सा बहुधा हजारांत मोजतात. नाशिकच्या त्या बाईंचा वाटा आहे हजारात एकसष्ट. जमिनीत, छपरात, जिन्यात, लिफ्टमध्ये, तळघरातल्या बॉयलरमध्ये, सगळ्यात एकसष्ट. पहिल्या दिवसापासून, वहीत लिहिलेला.

आपलं काय आणि सामायिक काय, हे ठरवणारा दस्त वेगळा असतो. त्यात आपल्या लोकांना आश्चर्य वाटेल अशा गोष्टी आहेत. खिडक्या सामायिक. फ्लॅटचं मुख्य दार सामायिक. बाल्कनीचा कठडा आणि बाहेरची बाजू सामायिक. त्यामुळे डोंबिवलीत आपण जे पहिल्याच महिन्यात करतो, बाल्कनीला ग्रिल लावून ती खोलीत घेणं, ते तिथे मालकांच्या सभेच्या ठरावाशिवाय अशक्य. आमच्याकडचे लोक पूर्वेचं दार शोधतात. तिथली माणसं दक्षिणेची आणि पश्चिमेची बाल्कनी शोधतात, कारण हिवाळ्यात ऊन तिथूनच येतं. तुळस ऑक्टोबरात आत घ्यावी लागते. वास्तुशांतीला होम करायचा तर धूर शोधणारी यंत्रं छताला असतात, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ती सक्तीची आहेत. बहुतेक गुरुजी आता होम बाल्कनीत किंवा अगदी छोट्या कुंडात करतात. आणि जिन्यावरची केरवोखे, म्हणजे आळीपाळीने आठवडाभर जिना नि इमारतीपुढची वाट झाडण्याचा स्टुटगार्टकडचा जुना रिवाज, ती पाळी मालकालाही चुकत नाही. पाटी दारावर अडकवली की आठवडा तुमचा.

फ्लॅट बघायला जाताना लोक स्वयंपाकघर बघतात, बाथरूम बघतात. मी म्हणेन, कागद बघा. मालकांच्या सभांची मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं, ठरावांची वही (ती ठेवणं २००७ पासून बंधनकारक आहे), वर्षाचं अंदाजपत्रक, आणि दुरुस्ती निधीत किती रक्कम आहे. इतिवृत्तात तीन वर्षं 'छपराचा प्रश्न पुढच्या सभेत' असं लिहिलेलं असेल आणि निधीत फारसं काही नसेल, तर तो खर्च तुमची वाट पाहतो आहे. निधी अपुरा पडला की सभा खास वर्गणीचा ठराव करते. हजारात एकसष्ट वाटा असलेल्या माणसाला २ लाख युरोंच्या छपरासाठी १२,२०० युरो भरावे लागतात. इमारतीचा ऊर्जा दाखलाही बघावा. ए-प्लसपासून एचपर्यंत श्रेणी असते, आणि शेवटच्या श्रेणींतलं घर स्वस्त का आहे ते पहिल्या हिवाळ्यात कळतं. फ्लॅटमध्ये भाडेकरू असेल तर आणखी जपून. घर विकलं तरी त्याचा करार तुटत नाही. तो आता तुमचा भाडेकरू. भाड्याच्या इमारतीचे नंतर वेगळे फ्लॅट पाडलेले असतील, तर स्वतः राहायला जाण्यासाठीही त्याला तीन वर्षं, काही शहरांत दहा वर्षांपर्यंत, उठवता येत नाही. ही सुरक्षा कालपर्यंत तुम्हीच भोगत होता, हे लक्षात ठेवलं तर तिचा राग येत नाही.

पुढे मृत्यू, वारसा आणि परत येणं. हे बोलायला कोणाला आवडत नाही म्हणून थोडक्यात. ऑगस्ट २०१५ पासून तिथे साधारण नियम असा, की माणसाचं शेवटचं वास्तव्य जिथे, तिथला वारसा कायदा. मूल नसलेल्या जोडप्यापैकी एकजण मृत्युपत्र न करता गेला, तर जर्मन कायद्याने घराचा काही वाटा मृताच्या आईवडिलांकडे जातो. मग सांगलीतल्या सत्तरीच्या सासूसासऱ्यांच्या सह्यांशिवाय घर विकता येत नाही. घर घेतल्याच्या महिन्यातच मृत्युपत्र करावं. भारतात परतलात तर ते घर ठेवता येतं, पण पूर्ण रहिवासी झाल्यावर आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवावीच लागते, तिच्यातून एक पै मिळत नसली तरी. विकायचं असेल आणि स्वतः राहत असाल, तर विक्रीचं वर्ष आणि त्याआधीची दोन वर्षं तिथे राहिलेलं असलं की नफ्यावर कर नाही. भाड्याने दिलेलं असेल तर दहा वर्षं थांबावं लागतं.

पासपोर्टचा प्रश्न याच सुमारास येतो. जून २०२४ पासून जर्मनीत पाच वर्षांनी नागरिकत्व मिळू शकतं आणि जुनं सोडण्याची अट तिथे राहिलेली नाही. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय गेला, आणि ओसीआय कार्डावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. अनिवासी भारतीयालाही येत नाही, पण परत येऊन राहिला की त्याचं ते दार पुन्हा उघडू शकतं. वारशाने आलेली जमीन ठेवता येते. ज्याच्या नावावर गावाकडे दोन एकर यायची आहेत, तो म्हणून अर्ज भरून ठेवतो आणि पाठवत नाही. मला त्या न पाठवलेल्या अर्जाबद्दल आदर वाटतो. तो माणूस गोंधळलेला नसतो. दोन्हीकडचं वजन त्याला माहीत असतं.

तोवर तो तिथे मतदार नाही. संसदेसाठी नाही, राज्यासाठी नाही, आणि गावच्या पालिकेसाठीही नाही. पालिकेत युरोपीय संघाच्या नागरिकांना मत आहे; भारतीयाला नाही. श्लेस्विग-होल्स्टाइन आणि हाम्बुर्ग या राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक मतदानाचा हक्क द्यायचं ठरवलं होतं. घटना न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९० रोजी ते कायदे रद्द केले. म्हणजे वीस वर्षं कर भरणारा, मुलांना तिथल्या शाळेत घालणारा, पालिकेच्या बसने रोज कामावर जाणारा माणूस त्या बसचा मार्ग ठरवणाऱ्यांना निवडू शकत नाही.

मालकांच्या सभेत मात्र तो निवडू शकतो. सदनिकांच्या कायद्यात नागरिकत्वाचा शब्द नाही. मूळ नियम असा, की प्रत्येक मालकाला एक मत. काही इमारतींच्या दस्तात ते हिश्शाप्रमाणे मोजतात. सभेची नोटीस किमान तीन आठवडे आधी द्यावी लागते. डिसेंबर २०२० पासून कितीही मालक आले तरी सभा भरते, आणि आलेल्यांच्या बहुमताने ठराव होतो. न येणाऱ्याच्या खिशातूनही तो खर्च वसूल होतो. ठराव चुकीचा वाटला तर एका महिन्यात न्यायालयात जावं लागतं. नंतर तो पक्का. परदेशी घरांच्या व्यवहारांवर बोलणारे व्याज सांगतात, किमती सांगतात. हा मताचा मुद्दा मी कोणाकडून ऐकला नाही, आणि माझ्या मते घर घेण्याचं ते सगळ्यात मोठं कारण आहे, आणि सगळ्यात मोठी जबाबदारीही. जो या सभेत बसायला तयार नाही त्याने भाड्याने राहावं. तिथला भाडेकरू कायद्याने भक्कम आहे आणि त्यात काही उणं नाही.

सभेला बाहेरच्या माणसाला बसू देत नाहीत, म्हणून मी ती पाहिलेली नाही. नाशिकच्या बाईंनी सांगितलं ते असं. पहिल्या वर्षी त्या गेल्या नाहीत. भाषेचा संकोच आणि मुलाचा ताप. त्या सभेत लिफ्ट बदलण्याचा ठराव झाला आणि त्यांच्या वाट्याचं बिल आलं. दुसऱ्या वर्षी त्या नोटीस घेऊन तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेकडे गेल्या आणि विषयपत्रिकेतला प्रत्येक मुद्दा समजून घेतला. सभेत छपराच्या दुरुस्तीसाठी एकच दरपत्रक समोर आलं. बाई कारखान्यात खरेदी विभागातच काम करतात. त्यांनी हात वर करून विचारलं, बाकीची दोन कुठे आहेत? इमारतीच्या व्यवस्थापकाने वेळ कमी असल्याचं सांगितलं. शिक्षिकेने बाईंना दुजोरा दिला. मत झालं, विषय तीन महिने पुढे ढकलला गेला आणि तीन दरपत्रकं आल्यावरच पुन्हा सभा बोलवायची असं इतिवृत्तात लिहिलं गेलं.

पुढच्या सभेत त्यांची मालकांच्या सल्लागार मंडळावर निवड झाली. हे मंडळ व्यवस्थापकाचे हिशेब आणि अंदाजपत्रक तपासतं. आता वर्षअखेरीला बिलांच्या फाइली त्यांच्या जेवणाच्या टेबलावर येतात. यंदाच्या विषयपत्रिकेवर बाल्कनीतल्या सौर पट्ट्या आहेत. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर त्या बसवू देण्यास सभेला सहसा नकार देता येत नाही, फक्त कशा बसवायच्या ते ठरवता येतं. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना हे पटवायचं काम शिक्षिकेने बाईंकडे दिलं आहे. त्या त्यांच्याकडे शनिवारी जाणार आहेत, कागद घेऊन.